एच-वनचा मान कुणाला?

शोधयंत्राच्या मालकांनो, तुम्ही आमचं घर फोडलंत!

हो, तुम्हीच. माणूस तुमच्या त्या पांढऱ्या चौकोनात दोन शब्द टाकतो आणि तुम्ही जगातली सगळी दुकानं रांगेत उभी करता. पहिलं कोण, शेवटचं कोण, हे तुम्ही ठरवता. कशावरून ठरवता ते धड सांगत नाही. विचारलं की नियमांचं एक लांबलचक पान तोंडावर फेकता. ते पान मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं! पुढे जे काही झालं ते त्या वाचनामुळेच झालं, तेव्हा आता जरा माझंही वाचा.

आमचं कुलपांचं दुकान आहे. किल्ल्या कापून देतो, कुलपं दुरुस्त करतो आणि मुख्य म्हणजे बाहेर अडकलेल्या माणसांना त्यांच्याच घरात परत घालतो. कचरा टाकायला बाहेर आलेला माणूस, मागे दार आपोआप बंद, किल्ली आत, अंगावर अर्धी चड्डी आणि हातात रिकामी बादली. असा माणूस म्हणजे आमचा अन्नदाता! पूर्वी तो शेजाऱ्याचं दार वाजवायचा आणि शेजारी आमचं नाव सांगायचा. आता तो फोन काढतो, ‘कुलूप उघडून देणारे’ असं लिहितो आणि सगळ्यात वर दिसेल त्याला बोलावतो. अर्ध्या चड्डीतला माणूस दुसरं नाव वाचायला थांबत नाही!

आणि सगळ्यात वर कोण? कोपऱ्यावरचा चकाचक. त्याला आम्ही चकाचक म्हणतो, कारण त्याच्या दुकानाला पुढून काच, मागून काच, आणि तो स्वतः हातमोजे घालून कुलूप असं उघडतो की जणू कुलपाला हृदयविकार आहे. आम्ही कुठे? चौथ्या पानावर. चौथ्या पानावर माणूस फक्त बोट घसरलं तरच येतो.

आमचा फोन मुका झाला. वहिनी रोज सकाळी तो पुसायची आणि मधूनच उचलून कानाला लावायची, जिवंत आहे की नाही बघायला. अशात एक दिवस चकाचक स्वतः दुकानात आला. पायरीवरची धूळ टाळत आत शिरला आणि बाबांना म्हणाला, “किती दिवस ताणणार? दुकान बंद करा, सगळे माझ्याकडे कामाला या. प्रत्येकाला माझ्या नावाची टोपी देईन.”

एरवी बाबांनी त्याला कानस फेकून मारली असती. त्या दिवशी ते नुसते म्हणाले, “महिनाअखेरीला सांगतो.”

बाबा ‘सांगतो’ म्हणाले म्हणजे माणूस आतून मोडायला लागला. मी ताडकन उठलो. “बाबा, आठवड्यात आपलं दुकान पहिल्या नंबरवर आणतो!”

“तू?” बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “लेखकमहाशय, मागे तुम्ही नळ दुरुस्त केलात तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक छत्री धरून जेवले होते.”

मासिकात माझ्या चार गोष्टी छापून आल्यापासून बाबा मला लेखकमहाशयच म्हणतात, म्हणून मी मनावर घेतलं नाही. वेबसाइट मीच तयार केली होती, कुणाच्या शिकवणीला न जाता. आत्याला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून प्रत्येक ओळीला सगळ्यात मोठ्या हेडिंगचा टॅग लावला होता. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: वेबसाइटच्या पानावर मथळ्यांना टॅग असतात, एच-वनपासून एच-सिक्सपर्यंत. मला वाटायचं, ही सदऱ्याची मापं आहेत. अक्षर मोठं हवं तर एच-वन, बारीक हवं तर एच-सिक्स. म्हणून दुकानाच्या नावाला एच-वन, पत्त्याला एच-वन, फोन नंबरला एच-वन, ‘रविवारी बंद’ यालाही एच-वन!

तुमच्या नियमांनी माझे डोळे उघडले. ते माप नाही, तो दर्जा! पान कशाबद्दल आहे ते एच-वन सांगतो. तो शक्यतो एकच असावा. त्याच्या पोटात एच-टू, त्याच्या पोटात एच-थ्री, पायरी गाळायची नाही. सगळ्याच ओळी बोंबलायला लागल्या तर यंत्राला कळत नाही की मुद्दा काय. आमचं पान वाचून तुमच्या यंत्राची बहुधा अशी समजूत झाली होती की रविवारी बंद राहणं हाच आमचा मुख्य धंदा आहे.

सोपं काम होतं. एका एच-वनमध्ये ‘कुलूप उघडून मिळेल’, खाली एच-टूमध्ये घरांची कुलपं, गाड्यांची कुलपं, कपाटांची कुलपं. गुपचूप करून टाकलं असतं तर अर्ध्या तासाचं काम! पण मला घरच्यांना समजावून सांगायची खाज.

चहाच्या वेळी सगळे कामाच्या टेबलाभोवती बसले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “हे अगदी घरासारखं असतं बघा. एच-वन म्हणजे घरातला मोठा. तो एकच. बाकी सगळे त्याच्या खाली.”

झाडासारखं म्हणता आलं असतं. कपाटासारखं म्हणता आलं असतं. मी घरासारखं म्हणालो!

“एकच?” बाबा सरळ बसले.

“एकच.”

“मग त्यात विचार कसला करायचा? लिही माझं नाव.”

आत्यानं कप खाली ठेवला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. दुकानाच्या तोंडाशी स्टुलावर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजरेनं झडती घेते. “का रे? तू मोठा कधीपासून झालास? मी चालायला लागले तेव्हा तू होतास का जगात?”

“अक्का, दुकान कुणी काढलं?”

“आणि कानस धरायला कुणी शिकवलं? हातातून सुटून पायावर पडायची तुझ्या! आणि बोंबलायचास कसला!”

काकानं बिस्कीट चहात बुडवलं. काका बाबांचा धाकटा भाऊ. कुलूप उघडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, आणि हे तो दिवसातून अनेकदा स्वतःच सांगतो. “भांडा तुम्ही दोघं. अडलं की बोलवा मला.”

“तुला एच-टू देऊ,” बाबा उदारपणे म्हणाले.

“अक्काच्या बरोबरीनं की तिच्या खाली?”

“नियमाप्रमाणे बघितलं तर...” मी सुरुवात केली.

“तू गप्प बस!” तिघंही एकदम ओरडले. या घरात तेवढंच एकमत होतं.

“आणि भावजी, मी कितवी?” वहिनीनं हळूच विचारलं. वहिनी ओरडते तेव्हा काही होत नाही. ती हळू बोलली की पळायचं असतं. माझा भाऊ परगावी नोकरीला आहे, तो सुटला. मी मूर्खासारखा बोटं मोजत बसलो.

“बाबा, आत्या, काका... म्हणजे वयानं धरलं तर तुम्ही एच-फोर.”

“छान!” वहिनी आणखी हळू बोलली. “फोन मी घ्यायचा, गिऱ्हाइकाचा पत्ता मी शोधायचा, काकांच्या कपाळावरचा चष्मा काकांना मी दाखवायचा, आणि मी एच-फोर. एच-सिक्सच्या खाली काही असतं का हो भावजी? पायपुसण्याचा टॅग? तो द्या मला.”

“अहो, हे टॅग माणसांना द्यायचे नसतात!” मी टेबलावर हात आपटला. “एच-वनमध्ये फक्त ‘कुलूप उघडून मिळेल’ एवढंच लिहायचंय!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, पटलं.

“म्हणजे,” बाबा म्हणाले, “कुलूप माझ्यापेक्षा मोठं?”

झालं! संपला विषय!

दुसऱ्या दिवसापासून दुकानात वेगळाच कारभार सुरू झाला. एक गृहस्थ बॅग घेऊन आले, बॅगेची किल्ली हरवलेली. काकाकडे गेले. काका खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “मी एच-थ्री. मला अधिकार नाहीत. वर विचारा.”

गृहस्थ आत्याकडे वळले. आत्या म्हणाली, “माझं इथे कोण ऐकतं? एच-वनला विचारा.”

बाबा पुढे आले. पण बॅगेचं कुलूप नव्या धर्तीचं. बाबांनी ते उलटं करून पाहिलं, हलवून पाहिलं, कानाशी धरून पाहिलं. शेवटी काकाकडे न बघता म्हणाले, “कुणी मदत करणार असेल तर माझी हरकत नाही.”

“लेखी द्या,” काका म्हणाला.

गृहस्थांनी बॅग उचलली. दारातून आम्ही सगळे बघत होतो. ते सरळ कोपऱ्यावर गेले. काचेच्या दारात चकाचकनं हातमोजे चढवत त्यांचं असं स्वागत केलं की जणू जावई आला! मग मी पाहिलं, बाबा भिंतीवरच्या किल्ल्यांच्या माळा एकेक करून काढत होते आणि खोक्यात भरत होते. आवरायला घेतलं होतं माणसानं!

मग मी निर्णय घेतला. नियम गेले उडत! सगळ्यांना एच-वन! मी जाहीर केलं, “प्रत्येकाला स्वतःची एक मोठी ओळ. हवं ते सांगा, मी लिहितो. पण काम सुरू करा!”

बाबांनी सांगितलं, ‘हे दुकान मी उभं केलं.’ आत्यानं सांगितलं, ‘मोठ्या बहिणीला कुणी विचारतं का?’ काकानं डोळे मिटून, बराच वेळ घेऊन सांगितलं, ‘हात माझे, नाव दुसऱ्याचं.’ आणि वहिनीनं भाजी चिरता चिरता, मान वर न करता, ‘या घरात माझं कोण ऐकतं?’

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण वेबसाइटचा पासवर्ड वहिनीला माहीत होता, आणि वहिनीला माहीत असलेली गोष्ट दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत असते. बाबांच्या एच-वनखाली आत्यानं एच-टू टाकला: ‘उभं केलंस, पण बसायला स्टूल मी आणलं.’ त्याखाली बाबांनी एच-थ्री: ‘ते मोडकं होतं.’ त्याखाली आत्यानं एच-फोर: ‘तुझ्या वजनानं मोडलं.’ काकाच्या ओळीखाली बाबा, बाबांच्या खाली काका, आणि वहिनीच्या ओळीखाली वहिनी स्वतःच, कारण तिला उत्तर द्यायची कुणाची हिंमत नव्हती. गंमत म्हणजे टॅग अगदी बिनचूक! एच-टूखाली एच-थ्री, एच-थ्रीखाली एच-फोर, एकानंही पायरी गाळली नाही. इतकं शिस्तीचं भांडण मी जन्मात पाहिलं नव्हतं. फक्त एवढ्या सगळ्या पानात ‘कुलूप’ हा शब्द कुठे उरला नव्हता!

आणि फोन वाजला.

वहिनीच्या हातून सुरी पडली. बाबा खोकं टाकून धावले. वहिनीनं फोन उचलला.

“हॅलो,” पलीकडून एका बाईचा रडवेला आवाज आला, “माझं कुणी ऐकत नाही हो.”

“मी ऐकतेय, बोला,” वहिनी म्हणाली. “कुठलं कुलूप आहे?”

“कुलूप कसलं? घरात कुणी ऐकत नाही म्हणतेय मी!”

फोन ठेवला तर पुन्हा वाजला. एका माणसाला धाकट्या भावानं लग्नाच्या फोटोतून कापून काढलं होतं. मी धावत जाऊन तुमच्या चौकोनात ‘कुलूप’ टाकलं. आम्ही चौथ्या पानावरही नव्हतो! मग ‘घरात माझं कोण ऐकतं’ असं टाकलं. पहिले! साऱ्या जगात आम्ही पहिले!

दुकानासमोर रांग लागली. दोन बहिणी आल्या, गाडीत खिडकीशी कुणी बसायचं यावरून बोलेनाशा झालेल्या. एक आजोबा आले, त्यांच्या खुर्चीवर घरातलं मांजर बसतं आणि सगळे मांजराची बाजू घेतात. काका तर या कामात असा रमला की बघायला नको. “स्वतःला एच-टू समजा,” असं तो आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा. “मन एकदम हलकं होतं. मी करून बघितलंय.”

“तू कधी केलंस रे?” आत्या स्टुलावरून ओरडायची.

बाबा मात्र संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “लेखकमहाशय, मी कुलूपवाला आहे. आज एका माणसानं मला जावयाबद्दल सल्ला विचारला. मला जावई नाही! दिवसभरात एक किल्ली कापली नाही मी. एक!” मग आवाज उतरला. “त्यापेक्षा ती टोपी घातलेली बरी. निदान हातात कुलूप तरी येईल.”

माझी मान खाली गेली. तेवढ्यात फोन वाजला, आणि या वेळी एका पुरुषाचा आवाज आला. “दार उघडून द्याल का? मी जिन्यात उभा आहे.”

जिन्यात! दार! अहो, खरं गिऱ्हाईक! आम्ही दुकान तसंच टाकून निघालो. बाबा पुढे, काका हत्यारांची पेटी घेऊन, आत्या स्टूल घेऊन, मी आणि वहिनी मागे. वरात निघाल्यासारखे त्या इमारतीचे जिने चढलो. गृहस्थ खरोखर अर्ध्या चड्डीत होते. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

काका गुडघ्यावर बसला. वाकडी तार घातली, कान लावला, मनगट हललं न हललं आणि खट्! कुलूप उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दार ढकललं. दार हललं नाही.

“दादा,” काका हळूच बाबांना म्हणाला, “आतून कडी आहे.”

सगळ्यांनी गृहस्थांकडे पाहिलं. गृहस्थांनी चपलांकडे पाहिलं. “ते... बायको आत आहे. थोडं बोलणं झालं आमचं.”

“थोडं?” आतून आवाज आला.

“करवत आण,” बाबा मला म्हणाले.

“व्हा बाजूला!” वहिनीनं आत्याचं स्टूल घेतलं, दाराला टेकवलं आणि वर बसली. फटीला तोंड लावून म्हणाली, “ताई, मी एच-फोर बोलतेय.”

“कोण?”

“घरातली चौथी. आमच्याकडे नंबर लावलेत. सगळं काम माझ्याकडे आणि नंबर चौथा.”

आतला आवाज दाराशी आला, “माझा नंबरच लावलेला नाही!” आणि मग जे दोघी बोलल्या ते ऐकून बाबा, काका आणि ते गृहस्थ जिन्यात एक-एक पायरी खाली सरकत गेले. कडी निघाली. दार उघडलं. हात बाहेर आला, वहिनीला आत ओढलं, आणि कडी पुन्हा लागली!

गृहस्थ अजून बाहेरच. काकानं त्यांना बसायला हत्यारांची पेटी दिली.

वहिनी बऱ्याच वेळानं बाहेर आली. गृहस्थांना म्हणाली, “जा आत. आधी ऐका, मग बोला.” ते पळतच आत गेले.

दुकानात आल्यावर बाबा माझ्यासमोर बसले. “लिही. एकच एच-वन. ‘दार उघडून मिळेल, कुलूप असो की आतून कडी.’ खाली पहिला एच-टू, ‘कडीसाठी आमच्या सूनबाई.’ दुसरा, ‘कुलपासाठी धाकटे बंधू.’”

“आणि तू?” आत्यानं विचारलं.

“मला नको. मी किल्ल्या कापतो.”

“मग मलाही नको,” आत्या म्हणाली आणि स्टुलावर जाऊन बसली. काकानं बाबांच्या पाठीत एक धपाटा घातला. मी सगळे टॅग नीट लावले, भांडण पुसून टाकलं, आणि मान्य करतो, मालक, तुम्ही आम्हाला वर घेतलंत. ‘दार उघडून’ असं कुणी टाकलं की पहिले आम्ही! फोन वाजायला लागला. कडीवाले, कुलूपवाले, दोन्ही असलेले. बाबांनी किल्ल्यांच्या माळा पुन्हा टांगल्या आणि त्या भरात चकाचकला जाऊन सांगून आले, “महिनाअखेरीला जो वर असेल त्याचं दुकान चालेल. जो खाली असेल त्यानं टोपी घालायची!”

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण तुम्ही कुणाला सुखानं जगू द्याल तर शपथ!

चकाचक एकटा राहतो. त्याला भाऊ नाही, बहीण नाही, भांडायला मांजरसुद्धा नाही. त्यानं जाहिरात दिली: ‘आत्या पाहिजे, अनुभव असल्यास प्राधान्य.’ आत्या मिळाली, काका मिळाला, एक सूनही मिळाली. आता त्याच्या पानावर चार एच-वन भांडतात! आमचं जुनं भांडण जसंच्या तसं, फक्त शुद्धलेखन सुधारून आणि मधे मधे ‘कुलूप’ आणि ‘दार’ पेरून. लोक चवीनं वाचतात, तासन्‌तास वाचतात, आणि तुम्ही त्याला पुन्हा आमच्या डोक्यावर बसवलंत!

बाबांनी हाय खाल्ली नाही, ते पेटले. आता रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्हाला टेबलाभोवती बसवतात. “चला, भांडा! खरं भांडण त्याच्याकडे नाही, आपल्याकडे आहे!”

“अक्का,” बाबाच सुरुवात करतात, “तू जन्मभर माझ्या डोक्यावर बसलीस!”

“बसले रे,” आत्या त्यांना चहा देत म्हणते. “चुकलंच जरा.”

“असं नाही! उलटून बोल! धाकट्या, तू सांग, हात तुझे आणि नाव कुणाचं?”

“आपलंच की,” काका म्हणतो. “दादा, बिस्कीट घे.”

वहिनीकडे बघायचीही सोय नाही. ती फोनवर दुसऱ्यांची घरं जोडत असते आणि आम्ही सगळे तिचं ऐकत असतो!

म्हणून विचारतो, मालक. तुमच्या पानावरचा प्रत्येक नियम मी पाळला. एच-वन एक, पायऱ्या सरळ, मुद्दा स्पष्ट. तरी भाड्याची आत्या वर आणि माझी सख्खी आत्या खाली, हे कुठल्या नियमात बसतं? ज्या घरातल्या माणसांचं एकमेकांशी पटतं, त्यांच्यासाठी तुमच्याकडे कितवं पान राखून ठेवलंय? महिनाअखेर तोंडावर आली आहे. फोन चालू आहे, वहिनी उचलेल. उत्तर द्या!